पाचव्या मजल्यावरचा कोंबडा

बुधवारी सकाळी पाव घेऊन परतताना मी फ्रोइलानच्या दुकानासमोर थांबलो. थांबायचं काही कारण नव्हतं. गेल्या सहा वर्षांत, म्हणजे सेलेरीना गेल्यापासून, मी त्या खिडकीकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. गळाच्या काठ्या, हातजाळ्या, रबरी बूट या सगळ्याशी माझा संबंध तिच्यामुळे होता आणि तिच्याबरोबर तो संपला, असं मी धरून चाललो होतो. पण मार्चचा शेवट होता, रविवारी नद्या मासेमारीला खुल्या व्हायच्या होत्या आणि फ्रोइलाननं खिडकी पुसून लख्ख केली होती. मधोमध, काचेच्या छोट्या पेटीत, पांढऱ्या कापसावर एकच माशी होती. खरी नव्हे, गळाला रेशीम गुंडाळून त्यावर कोंबड्याचं पीस बांधून केलेली, ट्राउट माशाला फसवायची. करंगळीच्या नखाएवढी. राखाडी. गर्दीत एखाद्याची नुसती पाठ दिसावी आणि आपण त्याला ओळखावं, तशी मी ती ओळखली. खाली छापील कार्ड होतं: 'लाउरेआनोची राखाडी. निर्माते: डॉन लाउरेआनो किरोगा. पीस: खोऱ्यातल्या जुन्या, आता नामशेष झालेल्या वाणाच्या कोंबड्याचं.' मी ते दोनदा वाचलं. काखेत काहीतरी मोडल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं की मी पाव दाबून त्याचे दोन तुकडे केले होते.

फ्रोइलान हात पुसत दारात आला. "डॉन एलादियो, आत या की. काचेला नाक लावून बघायचं वय गेलं आपलं."

"ही कुठून आली?" मी विचारलं.

"दिली त्यांनी स्वतः. जुन्यातली शेवटची म्हणे. रविवारी पुलावरच्या खानावळीत भिंतीवर फरशी बसवतायत, नाव कोरलेली. न्याहारी आहे, भाषण आहे. तुम्ही या. तुमच्या बाई बांधायच्या ना त्यांच्यासाठी?"

"बांधायची."

"मग तर यायलाच पाहिजे. हात त्यांचे, डोकं ह्यांचं. जोडीच होती म्हणा ना."

"छान," मी म्हणालो.

छान. घरी पोचेपर्यंत हा शब्द माझ्या तोंडात एखाद्या कडू बीसारखा राहिला. थुंकता येत नव्हता. माझ्या बायकोच्या हातांखाली जन्मलेल्या वस्तूवर दुसऱ्याचं नाव चिकटवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि ज्यानं ते खिडकीत मांडलं त्याला मी छान म्हणालो. माझं सगळं आयुष्य असंच गेलं आहे, असं म्हणायचा मोह होतो. पण तेही खरं नसावं, कारण माणसाला आपला भित्रेपणा मोठा करून सांगण्यातही एक प्रकारची ऐट वाटते. खरं एवढंच, की मला जिना एका दमात चढवेना. तिसऱ्या मजल्यावर मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि जे घडलं होतं ते सगळं मला माहीत होतं. डॉन लाउरेआनोंना माहीत नव्हतं तेही. त्या माशीचं पीस कुठल्या नामशेष वाणाचं नव्हतं. ते ह्याच इमारतीत, माझ्या डोक्यावर दोन मजले, गच्चीवरच्या संत्र्यांच्या खोक्यात राहिलेल्या बिशपचं होतं.

बिशप हे नाव सेलेरीनानं ठेवलं होतं. तो चालायचाच तसा, मिरवणुकीत असल्यासारखा, पाय मोजून टाकत. आमच्या लग्नाच्या चौथ्या वर्षी ती त्याला तिच्या गावाहून बसमधून टोपलीत घालून घेऊन आली, वर शाल झाकून, आणि बसवाल्यानं विचारलं तेव्हा 'चुलतभावाचं बाळ आहे, झोपलंय' असं सांगून. तिच्या गावची, त्या नदीकाठच्या दोन-चार गावांचीच म्हणजे, कोंबड्यांची पिसं साऱ्या देशात नावाजलेली आहेत. तिथे कोंबडा मांसासाठी पाळत नाहीत. वर्षातून तीन-चार वेळा त्याला काखेत धरतात, पाठीवरची आणि कुशीवरची पिसं एकेक करून उपटतात, बाराची जुडी बांधतात, आणि तो पुन्हा अंगणात जाऊन ओरडतो. त्या पिसांना जी झळाळी असते ती धातूची वाटते. आणि त्या गावांत शेंबड्या पोरापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं की कोंबडा खोऱ्याबाहेर नेला की झळाळी जाते. पलीकडच्या डोंगराआड नेला तरी जाते. म्हणून कुणी नेत नाही. नेण्याचा विचारही करत नाही. ते पाणी, ती माती, तो दगड, काय असेल ते असेल.

"पण कुणी करून पाहिलंय का?" सेलेरीना म्हणाली होती. मी पेपर वाचत होतो. "सगळे म्हणतात. माझी आजी म्हणायची, चुलत बहीण ओब्दुलियाही म्हणते. कुणी एकानं तरी कोंबडा नेऊन, दोन वर्षं ठेवून, बघितलंय का? तू एवढी पुस्तकं हाताळतोस. कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"मग मी बघते."

तिनं बघितलं. पहिल्या वर्षी पिसं तशीच आली. तिला आनंद झाला. थोडा उद्धट आनंद, गावाला खोटं पाडल्याचा. इमारतीतल्या बायका भांडल्या, कारण बिशप पहाटे ओरडायचा. खालच्या शिंपिणीनं सांगितलं, "बाई, माझा नवरा रात्रपाळी करतो, तुमच्या कोंबड्याला आणि त्याला एका वेळी झोपवायची काहीतरी सोय करा." दुसऱ्या हिवाळ्यात पिसं फिकी आली. तिसऱ्या वर्षी तर ती राखेसारखी झाली. उजेडात कशीही फिरवली तरी चमकेनात. पावसाळी दिवशी छपराचा असतो तसा रंग. तिनं ती जुडी टेबलावर ठेवली, समोर बसून राहिली. मी आतल्या खोलीतून पाहत होतो. मला वाटलं, आपण जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवावा. पण मला असं नेहमी वाटतं आणि मग वाटतं की आपला हात जड वाटेल, म्हणून मी गेलो नाही. ती म्हणाली, "मी चांगला कोंबडा नासवला, एलादियो." आणि मग, "ओब्दुलियाला सांगू नकोस. तिनं चोरून दिला होता. मी सांगितलंय, पहिल्याच महिन्यात मेला म्हणून."

पण टाकून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्या नासलेल्या पिसांच्याही तिनं माश्या बांधल्या, हातातल्या हातात, कुठलाही चिमटा न वापरता, डाव्या हाताच्या बोटांत गळ धरून. सलगमाच्या सालीसारखं जांभळट रेशीम आत, वर ते राखाडी पीस. आणि डॉन लाउरेआनोंच्या नेहमीच्या डबीत चांगल्या माश्यांच्या तळाशी ठेवून दिल्या. डॉन लाउरेआनो दंतवैद्य होते. शहरातले अर्धे दात त्यांनी उपटले आणि उरलेले अर्धे बुजवले. दर हिवाळ्यात ते तिच्याकडे माश्यांची मागणी द्यायचे आणि दर वसंतात आमच्याकडे येऊन, माझ्या खुर्चीत बसून, कोणत्या डोहात काय झालं ते सांगायचे. मी उभा राहायचो. त्या वर्षी एप्रिलमध्ये बर्फ वितळून नदी दुधाळ हिरवी झाली होती. झळाळीच्या माश्यांना मासे नाक लावून परत जात होते. डबी रिकामी होत आली तेव्हा तळाची राखाडी त्यांनी लावली. संध्याकाळी ते चिखलाच्या बुटांनी आमच्याकडे आले. टोपलीत नेचाच्या पानांवर आठ ट्राउट होते, पाठीवर लाल ठिपके अजून ओले. मला वाटतं, मासे राखाडीला फसले त्याचं कारण असं असावं की पाण्यातून नुकत्याच वर आलेल्या किड्याचे पंख अजून सुकलेले नसतात, ते चमकत नाहीत, मळकट असतात. माशाला तेच ओळखीचं. पण हे माझं पुस्तकी मत. मी स्वतः आयुष्यात चार मासे पकडले असतील, त्यातला एक माझ्या बाहीला अडकून आला होता.

"सेलेरीना," ते म्हणाले, "ही काय भानगड आहे? कुठलं पीस हे?"

ती लाल झाली. "जुनं होतं काहीतरी."

"मला अजून दे. सगळी दे."

तिनं दिली. वीस वर्षं दिली. बिशप बारा वर्षं जगला, म्हणजे कोंबड्याच्या हिशोबात पोपच झाला, आणि तो जाईपर्यंत तिनं पिसं साठवून ठेवली होती. लोक डॉन लाउरेआनोंना विचारायचे, ते हसायचे. मग त्यांनी ते पातळ पुस्तक लिहिलं, स्वतःच्या खर्चानं छापलं आणि एक प्रत आमच्या ग्रंथालयात भेट दिली. पान बेचाळीस. 'मी सिद्ध केलेली राखाडी.' मी तिथे सूचीकार होतो. सदतीस वर्षं मी पुस्तकांची कार्डं लिहिली, चांगल्या अक्षरात, काळ्या शाईनं. आमच्या कामाचा नियम असा की पुस्तकावर जे छापलंय ते उतरवायचं. खरं की खोटं हे बघणं आपलं काम नव्हे. मी ते कार्ड लिहिलं. विषयाचं दुसरं कार्डही लिहिलं: 'माशी, राखाडी: पाहा किरोगा, लाउरेआनो.' माझ्याच हातानं. शाई सुकावी म्हणून त्यावर फुंकरही घातली असेल. त्या दिवशी जेवताना मी तिला सांगितलं. ती क्षणभर थांबली, मग हसली आणि म्हणाली, "बरं झालं. आता पिसाचं कुणी विचारणार नाही." मी ते हसणं घेतलं आणि खिशात घातलं. पावतीसारखं. पुढे कधी मनात आलं तर ते काढून बघायचो: ती हसली होती, तिचं काही म्हणणं नव्हतं.

आता इथेच मला माझा सगळ्यात जास्त राग येतो. कारण त्यानंतरच्या हिवाळ्यात तिनं डॉन लाउरेआनोंना सांगितलं की राखाडी पिसं संपली. मला ते खरं वाटलं. मी कशाला मोजायला जातो. ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात शिवणयंत्राचा खालचा खण उघडला, तर बटणांच्या डब्यामागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, बारा-बारा पिसांच्या सहा जुड्या होत्या. दोरा तिचा. राखाडी. वर्तमानपत्रावरची तारीख पुस्तक छापलं गेलं त्या वर्षाची. मी ते पाहिलं, पुन्हा गुंडाळलं आणि खण बंद केला. सहा वर्षं बंद ठेवला. कुणाला काय सांगणार, आणि मी सांगितलं तर कोण ऐकणार, आणि मेलेल्या बाईचं नाव कशाला लोकांच्या तोंडी द्यायचं, अशी चांगली चांगली कारणं माझ्याजवळ भरपूर होती. वाचणाऱ्या माणसाला कारणांची कधीच टंचाई नसते. बुधवारी मी मोडलेला पाव टेबलावर ठेवला आणि तो खण उघडला.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी काय बोलायचं ते ठरवत राहिलो. आरशासमोर म्हणून पाहिलं. माझा आवाज मला दुसऱ्याच्या तक्रारीसारखा वाटला. एक पत्र लिहिलं, फाडलं. शनिवारी फ्रोइलानच्या दुकानावरून मुद्दाम गेलो, पेटीसमोर दोन तरुण उभे होते, आणि एक दुसऱ्याला सांगत होता, "म्हातारा ग्रेट आहे. असं पीस आता मिळतच नाही." मला वाटलं, ओरडावं. मी टोपीला हात लावला आणि वाट काढून पुढे गेलो. पण त्या टोपीला हात लावण्यानंच माझा पेला भरला. रविवारी सकाळी मी जुड्या कोटाच्या आतल्या खिशात घातल्या आणि पहिल्या बसनं तिच्या गावाला गेलो.

नदीकाठच्या पॉपलरच्या झाडांना तांबूस कळ्या आल्या होत्या, डोंगरांवर अजून बर्फ होता, आणि दर वळणावर गुडघाभर पाण्यात एकेक माणूस उभा होता, काठी मागे-पुढे हलवत, कुणाचा निरोप घेत असल्यासारखा. मी खानावळीत गेलो नाही. आधी ओब्दुलियाकडे गेलो. ती सेलेरीनाची चुलत बहीण. ऐंशी वर्षांची, कमरेत वाकलेली, अंगणात तीस कोंबडे.

"ये, जावई," ती म्हणाली. "सहा वर्षांनी वाट सापडली. हरवला होतास की आम्ही मेलो असं वाटलं?"

मी एक जुडी काढून तिच्या हातात दिली. मला दुसरं काही जमलं नसतं. तिनं ती डोळ्यांजवळ नेली, मग दाराशी उजेडात गेली, बोटांनी पिसाचं टोक वाकवलं, सोडलं, पुन्हा वाकवलं.

"हे आमचं आहे," ती म्हणाली. "बांधा आमचाच. पण नासलंय. शहराचं पाणी पिऊन नासलंय. कुणाचं हे?"

"तू दिलेल्या कोंबड्याचं. तो मेला नव्हता. बारा वर्षं आमच्या गच्चीवर होता."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हसायला लागली, डोक्याच्या फडक्यानं डोळे पुसत. "सटवी! मला म्हणाली मेला. मी त्याच्यासाठी रडले, माहितीये? कोंबड्यासाठी!" आणि मग ते हसणं एकदम थांबलं. तिनं पीस पुन्हा पाहिलं. "थांब. ही तर ती राखाडी. डॉन लाउरेआनोची."

"हो."

"तीस वर्षं," ती हळू म्हणाली, "तीस वर्षं लोक माझ्या अंगणात येऊन विचारतायत, ओब्दुलिया, ते राखाडी पीस दे. मी म्हणते, माझ्याकडे असला कोंबडा नव्हता, माझ्या आजीकडेही नव्हता. म्हणतात, तू वाण मारलंस. म्हणतात, लपवतेस. त्या पुस्तकात लिहिलंय म्हणे, निष्काळजी बायकांनी वाण घालवलं. मी! एक पिल्लू मांजरानं नेलं तर मला जेवण जात नाही." तिनं फडकं डोक्याला घट्ट बांधलं. "चल."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? न्याहारीला. मला आमंत्रण नाहीये, पण भूक आहे."

खानावळीत वाफ होती, ओल्या लोकरीचा आणि ट्राउटच्या सुपाचा वास होता, आणि चाळीसेक माणसं. भिंतीवर, शेकोटीशेजारी, एक चौकोन निळ्या कापडानं झाकलेला. डॉन लाउरेआनो मधल्या टेबलाशी बसले होते. मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. ते लहान झाले होते. कॉलर मानेपेक्षा मोठी झाली होती. मला पाहून त्यांचा चेहरा खरोखर उजळला, आणि त्या क्षणी माझं सगळं गळून गेलं. मला वाटलं, आपण हात मिळवू, सूप पिऊ, घरी जाऊ.

"एलादियो! अरे याला खुर्ची द्या. याच्या बायकोचे हात, सांगतो तुम्हाला, सोन्याचे होते. आत्ता भाषणात तिचं नाव घेणारच आहे मी. मदत फार झाली तिची."

मदत. हा शब्द त्यांनी उच्चारला नसता तर मी खरंच सूप पिऊन घरी गेलो असतो. हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

"मदत नाही," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की कुणीतरी "काय?" म्हणालं. मी पुन्हा म्हणालो, "मदत नाही. ती माशी तिची आहे. आणि पीस खोऱ्यातलं नाही. आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या कोंबड्याचं आहे. पाचवा मजला."

 पहिल्यांदा फ्रोइलान हसला, आणि मग सगळे. मोठ्यानं, टेबलं वाजवून. "पाचवा मजला!" "लिफ्ट होती का हो कोंबड्याला?" "बाल्कनीतलं वाण!" हेच ते हसणं. हेच तिनं आयुष्यभर टाळलं होतं. ह्याच हसण्याच्या भीतीनं तिनं बहिणीशी खोटं बोलून, डबीच्या तळाशी लपवून, लाल होऊन सगळं गिळलं होतं, आणि मी ते आज तिच्यावर सोडून दिलं. माझे कान तापले. मला पळून जावंसं वाटलं.

"हसा," ओब्दुलिया दारातून म्हणाली. हळूहळू आवाज खाली गेला. त्या खोऱ्यात पिसाबद्दल तिच्यापुढे कुणी बोलत नाही. ती टेबलापाशी आली आणि जुडी ठेवली. "हे नासलेलं पीस आहे. माझ्या घरचा कोंबडा, शहरात नासलेला. मी त्याला अंड्यातून निघताना पाहिलाय. डॉन लाउरेआनो, तुम्ही माझे तीन दात काढलेत, चांगले काढलेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण वाण मी मारलं असं तुम्ही छापलंत. असं वाण कधी नव्हतंच. होता एक कोंबडा आणि एक बाई."

डॉन लाउरेआनोंनी चमचा खाली ठेवला. ते माझ्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही. "मला माहीत नव्हतं कुठला," ते म्हणाले. "एलादियो, देवाशप्पथ. तिनंच मला सांगितलं होतं, पिसाचं कुणाला विचारू नका, सांगू नका. तिची इच्छा होती."

"पिसाचं," मी म्हणालो. "नावाचं काय सांगितलं होतं?"

"नाव काहीतरी द्यायला लागतंच. लोक विचारतात. मी म्हटलं, माझं तर माझं. तिला काही वाटलं नसेल. वाटलं असतं तर बोलली असती."

आणि हे माझंच वाक्य होतं. शब्दाला शब्द. वीस-पंचवीस वर्षं मी तेच खिशात बाळगून होतो. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर ते किती हलकं, किती सोयीचं होतं ते कळलं. मला त्यांचा राग आला आणि त्याच रागात मीही होतो, दोघांमध्ये फट दिसेना.

"पुस्तक आलं त्यानंतरच्या हिवाळ्यात तिनं तुम्हाला राखाडी दिल्या?" मी विचारलं.

"नाही. पिसं संपली म्हणाली."

मी आतल्या खिशातून उरलेल्या पाच जुड्या काढल्या आणि एकेक करून पहिल्या जुडीशेजारी टेबलावर ठेवल्या. वर्तमानपत्रासकट.  "संपली नव्हती," मी म्हणालो. "ही तेव्हाची आहेत. तिनं ठेवून दिली होती."

शेकोटीत लाकूड तडकलं. डॉन लाउरेआनो त्या पिसांकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना लाज वाटत असेल. वाटतही असेल, माणसाच्या आत एका वेळी किती गोष्टी चालतात ते मला सांगता येत नाही. पण त्यांचा हात टेबलावरून हळूहळू पुढे आला, भिंतीवरच्या म्हाताऱ्या कोळ्यासारखा, आणि जुडीजवळ थांबला. बाहेर नदी वाजत होती. बर्फाचं पाणी होतं, दुधाळ हिरवं. आज तीच माशी लागणार हे तिथल्या चाळीसही माणसांना माहीत होतं.

"एलादियो," ते अगदी हळू म्हणाले, "यातलं एक. एकच. माझा हा शेवटचा हंगाम असेल."

"नाही," मी म्हणालो.

ह्या शब्दानं त्यांना काय झालं मला माहीत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ओब्दुलियानं जुड्या गोळा करून माझ्या कोटात कोंबल्या आणि बसून सूप मागवलं. निळं कापड कुणी काढलं नाही. कुणी काढू नका असंही म्हणालं नाही. माणसं जेवली, काठ्या घेऊन नदीवर गेली, आणि आम्ही निघालो तेव्हा ते तसंच लोंबकळत होतं.

सोमवारी फ्रोइलाननं मला रस्त्यातून हाक मारली. पेटी काउंटरवर होती, छापील कार्ड काढलेलं. "डॉन लाउरेआनोंचा फोन आला होता," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. "म्हणाले, कार्ड काढ. दुसरं काय लिहायचं ते नाही म्हणाले. तुमचं अक्षर चांगलं आहे." त्यानं कोरं कार्ड आणि पेन पुढे सरकवलं.

मी उभ्यानंच लिहिलं. 'सेलेरीना ओर्दास हिनं बांधली.' मग थांबलो. तिचा चेहरा आठवला, टेबलावरच्या जुडीपुढे बसलेला; आणि मी आतल्या खोलीत, हात जड वाटेल म्हणून उभा. पिसाचं लिहू नये, तेवढं तरी तिच्यासाठी झाकावं, असं वाटलं. पण ते झाकलं म्हणूनच बाकी सगळं गेलं होतं. मी लिहिलं: 'पीस: बिशप नावाच्या कोंबड्याचं, आमच्या गच्चीवर नासलेलं.'

फ्रोइलाननं मान तिरकी करून वाचलं. "नासलेलं? डॉन एलादियो, असं लिहिलंत तर लोक हसतील हो."

"हसू दे," मी म्हणालो, आणि शाई सुकायची वाट न बघता कार्ड पेटीसकट उचलून स्वतः खिडकीत ठेवलं.